लाईट गेली का?

शटर अर्धं वर होतं.
मी वाकून विचारलं, उघडलंय का?
आतून आवाज : नाही, वारा खायला ठेवलंय.

आता बघा,
अर्ध्या शटरात झाडलोटही चालते,
मालाची मोजदादही.
म्हणजे प्रश्न रास्त होता.
उत्तर मात्र कुठूनच रास्त नाही,
वाराच खायचा तर शटर पूर्ण वर घेतात.
हे मी सांगणार होतो,
पण मला कुकरची रिंग हवी होती, पाच लिटरची,
आणि घरी डाळ अर्धीकच्ची थांबलेली.

मग मित्रमंडळ चौकापासून अरण्येश्वरापर्यंत
मी एकटाच वाद घालत आलो
आणि जिंकत आलो.
सिग्नलला एक स्कूटरवाली हसली.
मी बोटांवर मुद्दे मोजत होतो.

बसच्या पाटीवर कात्रज, तोंड स्वारगेटकडे.
कुठे जाते, विचारलं तर
कंडक्टर म्हणतो, जिथे रस्ता नेईल तिथे.
बाकीचे हसले.
हसणाऱ्यांतल्या दोघांनी नंतर
हळूच मला विचारलं, कुठे जाते हो?

आणि समोरचे रिसबूड.
टेलिफोन खात्यातून निवृत्त, सात वर्षांचा शेजार.
वीज गेली की मी दार उघडतो,
जिन्यात डोकावतो. लाईट गेली का हो?
नाही, काळोख आणलाय विकत. दीड किलो.

मला ठाऊक असतं गेलीय.
माझाही पंखा थांबलेला असतो.
मी विचारतो ते इतकंच,
की फक्त माझीच गेली, का सगळ्यांची.
माझा फ्यूज, का आपला ट्रान्सफॉर्मर.
एवढं सगळं कोण बोलतं अंधारात?
माणूस तीन शब्द टाकतो
आणि पलीकडून कुणी ओ देतंय का बघतो.

एका मार्चमध्ये मी उत्तर तयार केलं होतं :
काळोख किलोवर नसतो हो, लिटरवर मिळतो.
शालन म्हणाली, तूही त्याच वळणावर चाललास.
मी ते गिळलं.
गिळलेलं जिरत नाही, एवढं कळलं.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला दार वाजलं.
रिसबूड.
सगळ्या इमारतीत लख्ख दिवे,
समोरच्या गच्चीत कुणाच्या बारशाची माळ लुकलुकतेय,
आणि हे चौकट धरून विचारतात,
लाईट गेली का हो?

सात वर्षांची उत्तरं जिभेवर आली,
टोकन घेतल्यासारखी, रांगेने.
मी त्यांच्याकडे बघितलं.
ते माझ्याकडे नाही,
माझ्या कानाच्या जरा पलीकडे बघत होते.

नाही, म्हणालो.

ते म्हणाले, बरं.
म्हणजे माझीच.

रिक्षावाल्याने विचारलं, अर्जंट आहे का?
रिसबूड म्हणाले, हो.
नुसतं हो.
मला त्या हो-ची जितकी भीती वाटली
तितकी डॉक्टरांच्या कुठल्याच शब्दाची नाही.
साखर, पडदा, आत झिरपलेलं रक्त,
हे सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी.
रिसबूड ऐकत होते, माझी बाही धरून,
आणि एकदाही कुणाला काही बोलले नाहीत.

तीन इंजेक्शनं. मध्ये दिवाळी गेली.

काल जिन्यात भेटले,
काळा चष्मा, हातात दुधाची पिशवी,
कठड्याला न धरता चढत होते.
दिसायला लागलं का हो?
नाही, वासावर चढतोय.

दोन मजले मी खूश होतो.
अगदी शालनला सांगायचं ठरवलं.

मग कुलूप काढताना लक्षात आलं,
चष्मा काळा, जिन्यातला बल्ब उडालेला,
म्हणजे प्रश्न रास्त होता.
आणि पायऱ्यांना वास नसतो.
असलाच तर सगळ्यांना सारखाच,
मग तिसरी कुठली, चौथी कुठली, कसं कळणार?

उद्या सांगणार आहे त्यांना.